फुटबॉल पाहण्याची सवय कोणी मोडली?

१४ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईचे वानखेडे स्टेडियम लिओनेल मेस्सीसाठी भरले. स्पर्धेचा सामना नव्हता, गुण पणाला लागले नव्हते. तो मैदानात काही वेळ फिरला, मुलांबरोबर चेंडू खेळला, सचिन तेंडुलकरला भेटला आणि गेला. एवढ्यासाठी लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली होती. नेमक्या त्याच आठवड्यात देशातली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा, इंडियन सुपर लीग, बंद पडलेली होती. हंगाम जुलैपासून स्थगित होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीगचे व्यावसायिक हक्क विकायला काढले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. फुटबॉलच्या एका माणसासाठी स्टेडियम भरते आणि फुटबॉलच्या अख्ख्या हंगामाला गिऱ्हाईक मिळत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ घालायचा तर टीव्हीसमोरून उठून गेलेल्या प्रेक्षकाबद्दल नीट विचार करावा लागेल. ‘लोकांना फुटबॉलची आवड उरली नाही’ हे उत्तर वानखेडेने खोटे ठरवले आहे. ‘भारतीय फुटबॉलला दर्जाच नाही’ हे उत्तर अर्धेच आहे, कारण युरोपातला उत्तमातला उत्तम फुटबॉलही आपल्याकडे पूर्वीसारखा नेमाने पाहिला जात नाही.

नाशिकमध्ये हे अधिक स्पष्ट दिसते. या शहराचा स्वतःचा व्यावसायिक संघ नाही. सर्वात जवळचा व्यावसायिक सामना अंधेरीत, दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. त्यामुळे इथल्या फुटबॉलप्रेमीला स्टेडियम म्हणजे टीव्हीच. खेळण्याची हौस मात्र कमी झालेली नाही. गेल्या काही वर्षांत गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत भाड्याची टर्फ मैदाने उभी राहिली, आणि संध्याकाळी तिथे नंबर लावावा लागतो. रेआल माद्रिद, आर्सेनल, मँचेस्टर सिटीचे शर्ट घातलेली मुले कॉलेज रोडवर कोणत्याही दिवशी दिसतात. पण काल रात्रीचा सामना पूर्ण पाहिला का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ‘हायलाइट्स पाहिल्या’ असे येते. आवड आहे, माहिती आहे, खेळाडूंची नावे तोंडपाठ आहेत. नव्वद मिनिटे बसणे तेवढे सुटले आहे. माझे म्हणणे असे की हे आवडीचे मरण नाही, सवयीचे मोडणे आहे. ती सवय प्रेक्षकाने मोडलेली नाही, फुटबॉलचा व्यापार करणाऱ्यांनी मोडली आहे.

टीव्हीवर खेळ पाहण्याची सवय लागायला तीन गोष्टी लागतात: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि आपला म्हणता येईल असा संघ. महाराष्ट्रातल्या घराघरांत फुटबॉल आणला तो दूरदर्शनने. १९८६ च्या विश्वचषकातल्या मॅराडोनामुळे ज्या पिढीला अर्जेंटिना आपली वाटू लागली, तिच्यापुढे वाहिनी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे केबल आले, ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स आले आणि शनिवारची संध्याकाळ प्रीमियर लीगची झाली. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला दिसतो. सुट्टीची रात्र, जेवणाची वेळ, घरातले सगळे एकत्र. खुद्द इंग्लंडमध्ये शनिवारी तीनचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. प्रेक्षकांनी घरी बसू नये, मैदानात यावे, म्हणून १९६० च्या दशकापासून चालत आलेली ही पद्धत आहे. म्हणजे मँचेस्टरच्या चाहत्याला घरी बसून जो सामना पाहता येत नाही, तो नाशिकरोडच्या चाहत्याला पाहता येत होता. आर्सेनल किंवा लिव्हरपूलचा नाशिकशी काही संबंध नाही. तरी पंधरा-वीस वर्षे दर शनिवारी त्याच वाहिनीवर, त्याच वेळी, तोच संघ दिसत राहिला की तो आपला होतो. त्यात जाहिरातीचा वाटा थोडा, सातत्याचा मोठा.

आता या तिन्ही गोष्टींचे काय झाले ते पाहू. आधी जागा. स्पेनची ला लिगा आपल्याकडे सोनीच्या वाहिन्यांवर दिसत असे. २०१८ मध्ये तिचे हक्क फेसबुककडे गेले आणि तीन हंगाम ही लीग टीव्हीवरून जवळजवळ नाहीशी झाली. बार्सिलोना-रेआल माद्रिद पाहायचे तर फेसबुक उघडायचे. २०२१ मध्ये ती परतली ती एमटीव्हीवर, म्हणजे गाण्यांच्या वाहिनीवर. त्यानंतर तिने आणखी घरे बदलली आणि आता ती फॅनकोड या ॲपवर आहे. चॅम्पियन्स लीग सोनीकडे, प्रीमियर लीग जिओस्टारकडे. मेस्सी २०२३ मध्ये इंटर मायामीला गेला, तर त्याची लीग ॲपल टीव्हीवर. रोनाल्डो सौदीला गेला, त्याच्यामागे आणखी एक शोध. इंडियन सुपर लीग नऊ हंगाम स्टार स्पोर्ट्सवर होती. २०२३ मध्ये ती स्पोर्ट्स १८ आणि जिओसिनेमावर गेली, पुढच्याच वर्षी दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि ती पुन्हा स्टारवर आली. २०२५ च्या उत्तरार्धात ती कुठेच नव्हती. हे बदल कंपन्यांच्या ताळेबंदात दोन ओळींचे असतील. घरात मात्र प्रत्येक बदलाबरोबर काही माणसे मागे राहतात. ज्यांना नवे ॲप टीव्हीवर कसे लावायचे हे माहीत नाही, ज्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही नाही, ज्यांना ‘आता कुठे लागते?’ हे विचारायला कोणी नाही, ती माणसे एकदा सुटली की परत येत नाहीत. त्यांनी फुटबॉल सोडायचे कधी ठरवलेले नसते. एका शनिवारी सामना सापडत नाही, दुसऱ्या शनिवारी शोधत नाहीत, तिसऱ्या शनिवारी आठवण राहत नाही.

पैशाचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धती लागू झाली आणि केबलच्या एकगठ्ठा पॅकची जागा वाहिनीवार निवडीने घेतली. ग्राहकाला न पाहिलेल्या वाहिनीचे पैसे भरावे लागू नयेत, हा हेतू योग्य होता. परिणाम असा झाला की क्रीडावाहिनी ही घरातली मुद्दाम घ्यावी लागणारी वस्तू झाली. पूर्वी ती आपोआप येत असे, चाळता चाळता दिसत असे, आणि खेळाचा नवा प्रेक्षक असाच चाळता चाळता तयार होतो. ज्याला अजून फुटबॉल आवडू लागलेला नाही, तो फुटबॉलच्या वाहिनीचे पैसे कशाला भरेल? क्रिकेटसाठी वाहिनी घेतली जाते आणि त्या वाहिनीवर फुटबॉल असेल तर तोही मिळतो. पण चॅम्पियन्स लीगसाठी वेगळी, ला लिगासाठी वेगळी, मेस्सीसाठी वेगळी वर्गणी असेल तर मध्यमवर्गीय घर एकच काहीतरी निवडते किंवा काहीच निवडत नाही. यातली कोणतीही एक रक्कम फार मोठी नाही. प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घ्यायला लावणे हा खरा खर्च आहे, कारण सवय म्हणजे निर्णय न घेता घडणारी गोष्ट.

वेळेचे तर युरोपीय फुटबॉलने आपल्यासाठी कधीच सोपे ठेवले नव्हते. चॅम्पियन्स लीगचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो. सातपूर-अंबडमध्ये सकाळच्या पाळीला जाणाऱ्या माणसाने किंवा सकाळची शाळा असलेल्या मुलाने तो पाहावा ही अपेक्षाच चूक. तरीही पूर्वी लोक जागत, कारण असे सामने मोजके होते. उपांत्य फेरी, अंतिम फेरी, दोन-चार मोठ्या लढती. आता सामनेच इतके झाले आहेत की कोणत्या रात्री जागायचे हे कळत नाही. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगचे सामने १२५ वरून १८९ झाले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये, खेळाडूंच्या विश्रांतीच्या काळात, ३२ संघांचा क्लब विश्वचषक घुसवण्यात आला. २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा आणि १०४ सामन्यांचा. प्रत्येक नव्या स्पर्धेमागे आणखी सामने म्हणजे आणखी प्रक्षेपण हक्क, आणखी उत्पन्न, असा हिशेब आहे. पण प्रेक्षकाकडच्या संध्याकाळी वाढत नाहीत. दर आठवड्याला ‘महामुकाबला’ असेल तर तो महामुकाबला राहत नाही, आणि एखादा चुकला तरी चुटपुट लागत नाही. गटसाखळीतल्या आठव्या सामन्याचा निकाल सकाळी उठून फोनवर पाहणे हे मग शहाणपणाचेच ठरते. ब्रिटनमध्येही हे दिसून गेले आहे. २०१६ पासूनच्या तीन हंगामांसाठी तिथल्या वाहिन्यांनी प्रीमियर लीगला पाच अब्ज पौंडांहून अधिक मोजले आणि पहिल्याच हंगामात स्कायचा थेट सामन्यांचा प्रेक्षक लक्षणीय घटल्याच्या बातम्या आल्या. सामने आणि पैसा वाढला की प्रेक्षक वाढतो, हे गृहीतक तेव्हाच डळमळले होते.

तिसरी गोष्ट संघाची, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. आपल्या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचे क्लब जन्मले नाहीत असे नाही, ते जगू दिले गेले नाहीत. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लबच बंद झाला. मुंबई एफसी २००७ मध्ये निघाला, २०१७ नंतर संपला. पुणे एफसी आय-लीगमध्ये २०१२-१३ ला दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, दोन-तीन वर्षांत त्याचाही गाशा गुंडाळला गेला. भारत एफसी पुण्यात एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्सलाही फार काळ लाभला नाही. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी आला, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत पोहोचला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. शेजारच्या गोव्यातही साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांना फुटबॉलचा मोठा इतिहास होता. देशाच्या फुटबॉलच्या नव्या रचनेत आपल्याला जागा नाही, असे म्हणत ते २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. महाराष्ट्रात उरला मुंबई सिटी. दोनदा लीगचा करंडक, दोनदा शील्ड, आणि २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. त्याचे बहुसंख्य भांडवल असलेला सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. समजा पुण्यातल्या एखाद्या मुलाला २००८ मध्ये फुटबॉल आवडू लागला, तर तिशीला पोहोचेपर्यंत त्याने आपल्या शहराचे चार क्लब पुसले जाताना पाहिले असतील. त्याने पाचव्यावर जीव का लावावा? त्याने बार्सिलोनाचा शर्ट घेतला याबद्दल त्याला दोष देण्याचा हक्क कोणालाही नाही. बार्सिलोना पुढच्या वर्षीही असेल, एवढे तरी त्याला नक्की माहीत आहे.

उलट बाजूचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम किंवा दिलबहार आणि प्रॅक्टिस समोरासमोर आले की गॅलरी भरते. हे खेळाडू लाखोंचे करार केलेले नाहीत. मैदानाचा दर्जा युरोपीय नाही. पण संघ पेठेचा आहे, तालमीचा आहे, आजोबांच्या वेळेपासून आहे, आणि पुढच्या हंगामात तो असणारच याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगचा हंगाम कधी सुरू होतो हे पेठेतल्या पोराला विचारावे लागत नाही. याच शहराने अनिकेत जाधवसारखा खेळाडू दिला, जो २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. विश्वचषकाच्या काळात अर्जेंटिना-ब्राझीलवरून पेठापेठांत जी चुरस लागते ती जगाच्या फुटबॉलवरचे प्रेम आहेच, पण तिच्या तळाशी स्वतःच्या मैदानाची सवय आहे. कोल्हापूरला फुटबॉल आवडतो कारण कोल्हापूरकरांच्या रक्तात काही वेगळे आहे, अशी भावुक मांडणी नेहमी होते. मला ती पटत नाही. तिथे संस्था टिकल्या, म्हणून सवय टिकली, इतका हा साधा कार्यकारणभाव आहे.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भारताचा पुरुष संघ १९९६ मध्ये फिफा क्रमवारीत ९४ व्या स्थानी होता. २०२३ मध्ये तो पहिल्या शंभरात आला होता आणि २०२५ च्या अखेरीस १४० च्याही खाली गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून २०२७ च्या आशियाई चषकाची संधी गेली, नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने हरवले. असा फुटबॉल कोण पाहील, हा प्रश्न रास्त आहे. पण दर्जा आणि प्रेक्षक यांचे नाते इतके सरळ नाही. जून २०१८ मध्ये मुंबईत भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले, तेव्हा मैदानात २,५६९ माणसे होती. कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून एक चित्रफीत टाकली, ‘शिव्या द्यायला या, पण या’ अशा अर्थाची, आणि केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची तिकिटे संपली. दोन सामन्यांच्या मध्ये संघाचा दर्जा बदलला नव्हता. कोणीतरी पहिल्यांदाच प्रेक्षकाला आपले समजून बोलावले होते. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि १३ लाखांहून अधिक लोकांनी तो मैदानात जाऊन पाहिला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताचा एकही सामना नव्हता, तरी लोक आले. त्याआधी १५ सप्टेंबरला ‘मिशन वन मिलियन’खाली राज्यभरातल्या शाळांची मुले मैदानात उतरवली गेली होती. पुढे त्या मुलांना पाहण्यासाठी आपले म्हणावे असे काय ठेवले गेले? दोन वर्षांत पुण्याचा क्लबही गेला.

दुसरा आक्षेप तरुणांबद्दल असतो: ही रील्सची पिढी आहे, तिला नव्वद मिनिटे बसवत नाही. रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ यांनी २०२१ मध्ये युरोपीय सुपर लीगचे समर्थन करताना जवळपास हेच सांगितले होते, सामने लहान करावे लागतील इथपर्यंत. माजी खेळाडू जेरार्ड पिकेने २०२३ मध्ये वीस-वीस मिनिटांची किंग्स लीग काढली आणि तिच्या अंतिम दिवशी बार्सिलोनाचे कॅम्प नोऊ स्टेडियम ९० हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरून दाखवले, हेही खरे. तरी मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. आयपीएलचा एक सामना साडेतीन तासांहून अधिक चालतो आणि तो पाहणारी बहुसंख्य हीच पिढी आहे. वेब मालिकेचे आठ भाग एका रात्रीत संपवणारीही हीच पिढी. २०२२ चा विश्वचषक जिओसिनेमाने फुकट दाखवला. पहिल्या दिवशी चित्र अडकत राहिले म्हणून लोक संतापले, आणि अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना त्या एका ॲपवर ३.२ कोटी लोकांनी पाहिला. तो सामना जादा वेळ आणि पेनल्टी धरून दोन तासांच्या बराच पुढे गेला होता. लक्ष देण्याची ताकद या मुलांकडे आहे. सामना सहज सापडला, परवडला आणि तो महत्त्वाचा वाटला तर ती बसतात. हे सगळे नसेल तर गोलांच्या तुकड्यांवर भागवतात, आणि ते तुकडे स्वतः लीग आणि क्लबच यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर टाकत असतात. मुलांनी तेवढेच खाल्ले याचा दोष ताट वाढणाऱ्याकडेही जातो.

क्रिकेट सगळे गिळून टाकते, हा तिसरा आक्षेप. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्या पैशापुढे फुटबॉलची लीग काहीच नाही, हे मान्य. पण कबड्डीचे उदाहरण घ्या. प्रो कबड्डी लीग आणि इंडियन सुपर लीग एकाच वर्षी, २०१४ मध्ये, एकाच टीव्ही समूहाच्या वाहिन्यांवर सुरू झाल्या. दोन्हींच्या आयोजकांनी पहिल्या हंगामात चाळीस कोटींहून अधिक प्रेक्षकांचे दावे केले. तेवढी माणसे पूर्ण सामने पाहत होती असा त्याचा अर्थ नव्हे, पण घराघरांत पोहोच झाली होती हे नक्की. क्रिकेट दोघांच्याही डोक्यावर होते. अकरा वर्षांनंतर यू मुम्बा आणि पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन्ही कबड्डी संघ, त्याच नावांनी, जागेवर आहेत. यू मुम्बाने दुसऱ्याच हंगामात विजेतेपद मिळवले, पलटणला त्यासाठी २०२४ पर्यंत थांबावे लागले. दहा वर्षे न जिंकताही संघ राहिला आणि त्याचा चाहताही राहिला. फुटबॉलमधल्या एफसी पुणे सिटीला जेमतेम पाच हंगाम मिळाले. कबड्डी मराठी माणसाच्या ओळखीची होती, हा फायदा तिला होताच. पण ओळखीचा असूनही एखादा खेळ टीव्हीवर कसा रुजतो किंवा रुजत नाही, हे या दोन लीगच्या वाटचालीत शेजारी शेजारी दिसते.

आणखी एक म्हणणे असे की प्रेक्षक गेलेला नाही, टीव्हीवरून फोनवर गेला आहे, मग तक्रार कसली? यात तथ्य आहे. टीव्हीच्या मोजणीतून गळलेला प्रत्येक माणूस फुटबॉलला मुकलेला नाही. मात्र फोनवर सामना एकटा माणूस पाहतो. घरातला टीव्ही लागला की सामन्याशी देणेघेणे नसलेली आई, आजोबा, धाकटी बहीण यांच्याही कानावर तो पडतो, आणि नवा चाहता या कानावर पडण्यातून तयार होतो. फोनवरचा प्रेक्षक दुसऱ्या कोणाला प्रेक्षक बनवत नाही. शिवाय फुटबॉलचे अर्थकारण अजून पूर्ण सामन्यावर उभे आहे, तुकड्यांवर नाही. फ्रान्समध्ये हे पाहायला मिळाले. २०२० मध्ये मीडियाप्रो या कंपनीने लीगचे हक्क मोठ्या किमतीला घेतले आणि काही महिन्यांत ती पैसे देऊ शकली नाही. पुढे डाझोन ही कंपनी आली, तीही एका हंगामानंतर २०२५ मध्ये बाहेर पडली. महागड्या वर्गणीला कंटाळलेले प्रेक्षक चोरट्या लिंकांकडे वळले होते. शेवटी फ्रेंच लीगने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःची वाहिनी काढली आणि महिन्याचा दर १५ युरोंच्या आत ठेवला. विश्वविजेते खेळाडू घडवणाऱ्या देशाची लीग तीच अडचण भोगत होती जी आपली भोगत आहे, म्हणजे दर्जाचे कारण पुरेसे नाही हे इथेही दिसते. फरक हा की त्यांनी प्रेक्षकापर्यंत थेट रस्ता काढला, आपण बोली लावणाऱ्याची वाट पाहत राहिलो.

भाषेचा विचार तर आपल्याकडे झालाच नाही. इंडियन सुपर लीगमध्ये मल्याळम आणि बंगाली समालोचनाला ठरलेली जागा मिळाली आणि केरळ-बंगालमध्ये लीगचा प्रेक्षक सर्वाधिक टिकला. तिथे फुटबॉलची परंपरा होतीच, पण त्या परंपरेशी तिच्या भाषेत बोलण्याची तसदीही घेतली गेली. महाराष्ट्रात सुरुवातीला दोन संघ असताना मराठीला तसे सातत्याचे स्थान लाभले नाही. २०२३ पासून आयपीएलचे मराठी समालोचन ऐकू येते, केदार जाधवसारखे खेळाडू त्यात बोलताना दिसतात आणि लोक ते आवडीने ऐकतात. ऑफसाइड कशाला म्हणतात, व्हीएआरने गोल का रद्द केला, बचावफळी पुढे का सरकली, हे मराठीत समजावणारा आवाज असता तर येवला-निफाडच्या घरात हा खेळ परका वाटला नसता.

नव्या हंगामाला १४ फेब्रुवारी २०२६ ही तारीख मिळाली, तीही केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर: १४ संघ, एकेरी फेरी, ९१ सामने. हा तात्पुरता इलाज आहे आणि तो केला हे बरे झाले. पुढच्या कराराच्या वेळी मात्र महासंघाने सर्वाधिक रकमेपलीकडे पाहिले पाहिजे. हक्क किमान पाच-सहा वर्षे एकाच ठिकाणी राहतील अशी अट घालता येते. आठवड्यातला एक सामना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दूरदर्शनवर विनामूल्य दाखवण्याची अट घालता येते. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला देण्याचा २००७ चा कायदा आहे. क्रिकेटचे सामने दूरदर्शनवर दिसतात ते त्याच कायद्यामुळे. लीगला तो लागू नसला तरी करारातून तेच साधता येते. संघमालकाने शहर सोडायचे तर काही वर्षांची पूर्वसूचना आणि क्लबचे नाव-रंग स्थानिक संस्थेकडे सोपवण्याची तरतूदही करता येते. या सगळ्याने पहिल्या वर्षी उत्पन्न कमी होईल, हे उघड आहे. पण बोलीच येत नाही अशा अवस्थेत कमी उत्पन्नाचे भय दाखवण्यात अर्थ नाही.

राज्य सरकारचाही यात वाटा आहे. मेस्सीच्या वानखेडे भेटीत राज्याच्या ‘महादेवा’ या फुटबॉल प्रकल्पाखाली निवडलेल्या मुलामुलींचे कौतुक झाले. त्यांच्या प्रशिक्षणावर पैसा खर्च होणार आहे आणि तो व्हायलाच हवा. ही मुले वीस वर्षांची होतील तेव्हा महाराष्ट्रात किती व्यावसायिक क्लब असतील, त्यांचे सामने कोणत्या वाहिनीवर दिसतील आणि ते मराठीत ऐकू येतील का, हे प्रश्न त्या प्रकल्पाच्या कागदावर यायला हवेत. सुरुवात कोल्हापुरापासून करता येईल. केएसए लीगचे सामने दर रविवारी सह्याद्री वाहिनीवर, मराठी समालोचनासह, एक पूर्ण हंगाम दाखवावेत. यासाठी परदेशी गुंतवणूकदार लागत नाही, नवे स्टेडियम लागत नाही. खेळाडू आहेत, गॅलरी भरलेली आहे, वाहिनी सरकारी आहे. नाशिक, जळगाव, अकोल्यातला जो मुलगा आज रात्री दीडला माद्रिदसाठी जागू शकत नाही, त्याला रविवारी संध्याकाळी पाच वाजता पाटाकडील आणि बालगोपाल तालमींचा सामना पाहता येईल, आणि पुढच्या रविवारी तो कुठे लागेल हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.